अळणी बाजू

इस्पितळाचं स्वयंपाकघर तळमजल्यावर होतं आणि त्याला दोन बाजू होत्या. खिडकीकडची बाजू मोठ्या आचाऱ्याची. तिथं चार शेगड्या, कमरेएवढे टोप, सोललेल्या कांद्यांचा ढीग आणि या सगळ्याला पुरून उरणारा आचाऱ्याचा आवाज. भिंतीकडची बाजू पथ्याची. तिथं दोन शेगड्या, कानांना निळा रंग दिलेली पातेली आणि एक बाई. निळं पातेलं चुकून खिडकीकडे गेलंच, तर आचारी ते विंचू धरल्यासारखं लांब धरून परत आणून द्यायचा. त्याला मिठाचा हात लागला की वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पायांवर सूज चढायची, कुणाला तरी धाप लागायची, आणि मग डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे स्वयंपाकघराच्या नावाने बोटं मोडायचे.

बाईचं खरं नाव हजेरी घेणाऱ्याला ठाऊक असेल तर असेल. बाकी सगळं इस्पितळ तिला अळणीबाई म्हणायचं. मूत्रपिंडवाले, हृदयवाले, ज्यांचं ज्यांचं मीठ डॉक्टरांनी बंद केलंय अशा सगळ्यांचं जेवण तिच्या हातचं. तरुणपणी ती या दोन शेगड्यांपुढे उभी राहिली आणि केस पिकले ते इथंच. बोलायलाही ती बेताचीच होती, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं की नाव स्वभावावरून पडलंय. तिने कुणाचा गैरसमज कधी दूर केला नाही. त्यासाठी बोलावं लागलं असतं.

डाळ मात्र दोन्ही बाजूंची एकच. खिडकीकडच्या मोठ्या टोपात ती शिजायची आणि शिजली की आचारी ओरडायचा, "अळणी काढा!" ही हाक आली की ज्याच्या हातात जे असेल ते तिथंच थांबायचं. अळणीबाई आपलं निळं पातेलं आणि ओगराळं घेऊन यायची, आपल्या वाटणीची डाळ काढून घ्यायची आणि मगच आचारी टोपात मिठाचा हात सोडायचा. इतक्या वर्षांत त्याने मागे वळून बघितलं नव्हतं की बाईने काढली का नाही. बघायची वेळच कधी आली नव्हती.

शिवाय दुसरा पहारा होता तो तिच्या जिभेचा. ट्रॉली वर जाईपर्यंत ती मिठाचा कण तोंडात घालत नसे. सकाळी कोरा चहा आणि कोरडी पोळी, बस. प्रत्येक पातेल्यातला एक थेंब ती तळहाताच्या खळग्यात घ्यायची, चाटायची, क्षणभर भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, "जाऊ दे." ते "जाऊ दे" ऐकल्याशिवाय ट्रॉलीचं चाक हलत नसे. एकदा आचाऱ्याने गंमत म्हणून मिठाचा ओला हात लावलेल्या चमच्याने तिची भाजी ढवळली होती. तिने थेंब चाटला, पातेलं उचललं आणि सगळ्यांच्या देखत मोरीत ओतलं. पुन्हा कुणी गंमत केली नाही.

लोकांना वाटतं अळणी म्हणजे बेचव. तिला ते कधीच पटलं नाही. तांदूळ नवा की जुना हे तिला मिठाशिवायच नीट कळायचं. गाजराचा गोडवा, पालकाचा तुरटपणा, डाळीच्या तळाशी असतो तो मातीचा वास, हे सगळं अळणीत स्वच्छ दिसतं, असं तिचं म्हणणं. मीठ पडलं की सगळे एका सुरात बोलायला लागतात.

हे तिने सांगितलं ते फक्त मास्तरांना. मास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे, खिडकीजवळच्या खाटेवरचे निवृत्त भाषाशिक्षक. त्यांचं हृदय थकलं होतं, तोंड नव्हतं. ताप बघायला आलेल्या सिस्टरला ते 'ताप' शब्दाचं मूळ सांगायचे, खाटेखालचा केर काढणाऱ्याला 'केर'चं. सगळे त्यांना टाळायचे. अळणीबाईला मात्र दुपारी वर जाऊन ताटांत किती उरलंय ते बघायची सवय होती, आणि मास्तर तिला बरोबर पकडायचे.

"अळणीबाई, तुमच्या नावाची फोड करू का?"

"करा. माझं काय जातंय."

"लवण म्हणजे मीठ. लवण नाही ते अलवण. लोकांच्या तोंडात घासून घासून त्याचं झालं अळणी. म्हणजे शब्द एवढंच म्हणतो की मीठ नाही. चव नाही, असं शब्दात कुठं आहे?"

"हेच तर मी ओरडून सांगत आले," ती म्हणाली. ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती ही गोष्ट वेगळी.

"आणि लावण्य, तेही लवणाच्याच घरातलं. म्हणजे देखण्या माणसाला आपण खारट म्हणतोय हे त्याला माहीतच नसतं." मास्तर हसले आणि त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आता आपलं साधं 'मीठ' घ्या. त्याचं मूळ काय, तर मिष्ट. म्हणजे रुचकर, गोड. मिठाई त्यातलीच. जिभेवर इतक्या चवी, पण आपल्या जुन्या माणसांनी गोडाचं नाव दिलं कुणाला? मिठाला."

"मग साखरेने काय घोडं मारलं होतं?"

"साखर मागाहून आली असेल, बाई. मीठ घरातलं होतं."

तिला हे आवडलं. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तसं ती इस्पितळातलं काही घरी आणत नसे, पण हे आणलं.

घरची रीत अशी, की स्वयंपाकात मीठ पडतच नसे. दिवसभराच्या सवयीने तिचा हात मिठाकडे वळायचाच नाही. म्हणून जेवायच्या टेबलाच्या मधोमध मिठाची वाटी असायची आणि ज्याने त्याने आपल्या ताटात वरून घ्यायचं. नवरा शहरातली बस चालवायचा. पाहुण्यांना तो सांगायचा, "आमच्याकडे अर्धा स्वयंपाक गॅसवर होतो आणि अर्धा ताटात." लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहणारी त्यांची मुलगी अजूनही सासरी आधी वाटी शोधते.

मिठाचं मूळ ऐकून नवरा खूष झाला. "म्हणजे मी इतकी वर्षं गोडच खातोय की! आणि तू उगीच डोळे वटारतेस." त्याने चिमूट घेतली, भातावर सोडली, मग आणखी एक घेतली. त्या दिवसापासून त्या घरात मिठाला मीठ म्हणणं बंद झालं. "गोड दे जरा," तो म्हणायचा, आणि ती वाटी सरकवायची.

मग एका सकाळी त्याने बस थांब्यावर उभी केली, हातब्रेक ओढला आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलं. लोकांना वाटलं डुलकी लागली. मागून कुणीतरी दोनदा घंटाही वाजवली. त्याला आणलं ते तिच्याच इस्पितळात. निरोप आला तेव्हा ती डाळ काढत होती. पातेलं झाकून ती वर गेली, अंगात ॲप्रन तसाच. तोवर सगळं आटपलं होतं. तरुण डॉक्टर बाहेर आला आणि साध्या आवाजात म्हणाला, "गेल्या वर्षीच त्यांचं मीठ बंद केलं होतं आम्ही. पथ्य पाळत होते ना?"

गेल्या वर्षी. म्हणजे 'गोड दे जरा'च्याही आधी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो कधी डॉक्टरकडे गेला, कधी आला, तिला पत्ता नव्हता. सगळं इस्पितळ आपलं मीठ तिच्या हाती सोपवून निवांत झोपायचं, आणि हा माणूस तिच्यासमोर बसून, तिच्याच हातून वाटी घेऊन, दोन-दोन चिमटी घालत होता. तोवर खाली बोलणं सुरू झालं होतं. अळणीबाईचा नवरा मिठाने गेला, हे वाक्य इतकं ठसकेबाज की कुणाला ते तोंडात धरवेना.

जे करायचं असतं ते सगळं झालं. मुलगी काही दिवस राहायला आली आणि रडरड रडली. अळणीबाईला रडू आलं नाही. राग आला नाही. काही म्हणजे काहीच वाटलं नाही. मुलीने जवळ घेतलं तर ती उभी राहिली, सोडलं तर बसली. मग कामावर गेली. टेबलावरची वाटी तिथंच राहिली. हात कुणी लावेना, उचलेना.

पहिल्याच दिवशी तिने डाळीचा थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. नुसता हात चाटल्यासारखं वाटलं. भाजीचंही तेच, भाताचंही तेच. थकव्याने असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आठवडा गेला, महिना गेला. घरी एकदा तिने मिठाच्या डब्यातला खडा तोंडात टाकून पाहिला. तो दातांखाली फुटला, विरघळला, संपला. नेहमीचं अळणी तिला चांगलं ओळखीचं होतं. हे अळणीही नव्हतं.

हे बोलायला हवं होतं. तिला ते कळत नव्हतं असं नाही. ज्या जिभेवर वरचा अख्खा मजला जेवतो ती जीभ मेली आहे, हे मोठ्या आचाऱ्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण सांगितलं की ओटा गेला, आणि ओटा गेला की दिवसभर करायचं काय? घरी त्या वाटीसमोर बसायचं? ती मूग गिळून राहिली. रोज हाक आली की पुढे व्हायची, आधी डाळ काढायची, थेंब चाटायची, भिंतीकडे बघायची आणि "जाऊ दे" म्हणायची. ट्रॉली जायची.

मग एके दिवशी आचारी ओरडला, "अळणी काढा!" तिने हाक ऐकली. हातात ओगराळं होतं, बगलेत पातेलं. टोपावर वाफ होती, तिकडे ती बघत उभी राहिली. मनात काही होतं म्हणावं, तर काहीच नव्हतं. पाय हलले नाहीत एवढंच. आचाऱ्याने आपल्या हिशेबाने वेळ दिली, टोपात मिठाचा हात सोडला, ढवळलं आणि तो कांद्याकडे वळला. मग तिचे पाय हलले. ती पुढे झाली आणि पातेलं भरून घेतलं. थेंब चाटला, भिंतीकडे बघितलं.

"जाऊ दे."

दुपारी तिचं वर जाणं राहून गेलं. ताटं परत आली तेव्हा ती ओटा पुसत होती. भांडीवालीने ट्रॉली मोरीपाशी ओढली आणि झाकणं काढता काढता हसायला लागली. "अगं बाई, हे बघा तरी! आज तुमच्या पेशंटांनी ताटं धुऊनच पाठवलीत. भाताचं शीत नाही उरलं. डाळ तर बोटांनी पुसून खाल्लीय."

दुसऱ्या कुणाही स्वयंपाकिणीने पदर सावरून हे कौतुक ऐकलं असतं. अळणीबाईच्या ताटांत निम्मं उरतं, रोज उरतं, आणि ते उरतं म्हणूनच सगळं ठीक चाललेलं असतं. तिने एक ताट हातात घेतलं. कप्पे लख्ख होते. ताट ठेवून ती जिन्याकडे निघाली. लिफ्टची वाट बघितली नाही.

वर सिस्टर टेबलाशी बसली होती. अळणीबाई तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डाळीत मीठ गेलंय. सगळ्यांच्या. माझ्या हातून." आवाज तिचा नेहमीचाच होता. त्यामुळे सिस्टरला ते कळायला जरा वेळ लागला. मग धावपळ झाली. डॉक्टर आले, वजनं झाली, इंजेक्शनं झाली. बहुतेकांचं निभावलं. दोघांना रात्रभर ऑक्सिजन लावावा लागला आणि त्यात मास्तर होते. त्यांचे पाय नळकांड्यांसारखे सुजले. "त्यांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतली डाळ," सिस्टर म्हणाली.

अधीक्षकांनी बोलावून विचारलं, "चव घेतली होती?"

"घेतली होती."

"मग?"

"मला चव कळत नाही. हे गेले तेव्हापासून."

अधीक्षकांनी तिला घरी बसवलं नाही, पण ओट्यावरून काढलं. तिला भाज्या चिरायला दिल्या, आणि अळणी बाजूला धुण्याच्या विभागातली एक बाई आली. मोठा आचारी दोन दिवस तिच्या आसपास घुटमळला. शेवटी म्हणाला, "बाई, मी हाक मारली होती हो."

"मारली होती," ती म्हणाली. "मी ऐकलीही होती." आणि ती कोबी चिरत राहिली.

मास्तरांचा ऑक्सिजन निघाला हे कळलं तेव्हा ती वर गेली. दुपारची वेळ होती, ट्रॉली नुकतीच येऊन गेली होती. मास्तर उशीला टेकून बसले होते. ताट पुढ्यात तसंच होतं. चेहरा उतरला होता, पण बाईला बघून त्यांनी हात वर केला.

"मास्तर, माझी चूक झाली," ती म्हणाली. वाक्य तिने जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. "तुमच्या जिवावर बेतलं होतं. मला माफ करा."

मास्तरांनी मान हलवली. मग दाराकडे बघून घेतलं, सिस्टर नाही ना ते. "बाई, तुम्ही माफी मागू नका. मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"मीठ आहे ते. पहिल्या घासालाच कळलं. दोन वर्षं ज्याने मीठ चाखलं नाही त्याला नाही कळणार? कळलं, आणि मी गप्प बसलो. वर आणखी मागून घेतली." ते ओशाळं हसले. "एक दिवस माणसासारखं जेवावंसं वाटलं. दुसरं काही नाही."

अळणीबाई उभी होती. तिच्या हाताला कोबीचा वास येत होता. कानात काहीतरी गरम झालं. आधी कानात, मग गळ्यात.

"तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली, "तर बोलला का नाहीत?"

"अहो..."

"बोलला का नाहीत?" आता ती ओरडत होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "तोंड नव्हतं? मी समोर होते ना! रोज समोर होते! एक शब्द बोलायचा होता. ताट मागे सारायचं होतं. मी काय खायला उठले असते? इतक्या जणांचं केलं, तुमचं नसतं केलं? खुशाल हसत हसत घालत बसलात! गोड दे म्हणे! गोड दे! आणि मी देत होते! माझ्या हाताने देत होते!"

सिस्टर दारात आली. मास्तरांनी तिला हातानेच थांबवलं. हे आपल्याला उद्देशून चाललेलं नाही, हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. आयुष्यभर शब्दांची मुळं शोधणाऱ्या माणसाला एवढं तरी कळायचंच.

ओरडून झाल्यावर ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. राग गेला नव्हता. तो तिथंच होता, चांगला हातापायांत भरलेला, आणि इतक्या दिवसांनी अंगात काहीतरी आहे याचंच तिला नवल वाटत होतं. मास्तरांनी आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. मघापासून काय करावं हे न सुचल्यामुळे सरकवलं असेल.

"तुम्ही जेवला नसाल. माझ्याच्याने काही सगळं संपत नाही. घ्या."

पेशंटच्या ताटातलं खायचं नसतं, हा नियम तिनेच नव्या बायकांना शिकवला होता. तिने डाळ-भाताचा घास घेतला. चावला. भिंतीकडे बघितलं.

"कसं आहे?" मास्तरांनी विचारलं.

"अळणी आहे," ती म्हणाली.

मग ती थांबली. मास्तरांकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. खात्री करायला आणखी एक घास घेतला, नुसत्या डाळीचा, आणि तो जिभेवर धरून ठेवला.

"डाळ बुडाला लागलीय," ती म्हणाली. "नव्या बाईने आच मोठी ठेवली असणार."

"मला तर नाही लागली तशी."

"तुम्हाला नाही कळायची. थोडीशीच लागलीय." तिने तिसरा घास घेतला. चार शितं ॲप्रनवर सांडली. "आमच्या ह्यांना अशीच आवडायची," ती म्हणाली. "जरा लागलेली. वरून मीठ घालून."